दातांवर वाजवलेली काच

आमचे हे घड्याळजी. चाळीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी टेबल लावून बसलेत. डाव्या डोळ्यावर भिंग, पुढ्यात पांढरा कागद, आणि मी चहा नेला की "तिकडे ठेव, तिकडे!" असं खेकसणं. चहाच्या वाफेनेसुद्धा यांची घड्याळं आजारी पडतात. मी तापाने फणफणले होते तेव्हा मात्र "पड जरा" एवढ्यावर भागलं होतं.

यांच्या एका सवयीची मला पहिल्या दिवसापासून किळस. कोणाचंही घड्याळ आलं की ते पुसायचं, तोंडाशी न्यायचं आणि वरची काच पुढच्या दातांवर हलकेच वाजवायची. खरी काच असेल तर टिंग, प्लास्टिकची असेल तर टक. "डोळा फसवतो," हे म्हणायचे, "दात फसवत नाहीत." जगाच्या मनगटावरचा घाम तोंडाला लावणारा नवरा पदरी पडला म्हणून मी कपाळाला हात लावायचे.

मग तेच दात हलायला लागले, एकेक करून पडले. भाचीच्या लग्नात हे बोळक्या तोंडाने हसले आणि फोटो पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच मागे लागले. महिनाभर डोकं खाल्लं तेव्हा कुठे यांनी कवळी बसवली. दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. मी गल्लीभर सांगत सुटले. तेव्हा माझ्या डोक्यात काचा कुठे होत्या?

ताई म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच यांना वाढवलं. यांचं पहिलं भिंगही त्यांनीच घेऊन दिलेलं. यंदा ताईंचे यजमान जिन्यात पडले आणि त्यातून उठलेच नाहीत. पडताना हातातल्या घड्याळाच्या काचेला तडा गेला, पण घड्याळ चालूच राहिलं. ताई रोज सकाळी सातला त्याला चावी द्यायच्या आणि लगेच यांना फोन करायच्या. "दिली रे चावी." बस, तेवढंच. ताई उठल्यात, जेवणार आहेत, आजचा दिवस काढणार आहेत, हे आम्हाला त्यावरून कळायचं.

एका दुपारी त्या घड्याळ घेऊन आल्या.

"धूळ आत जायला लागलीये रे. तेवढी थांबव. पण काच बदलू नकोस हं."

"अगं, नवीन टाकतो ना. लख्ख दिसेल."

"नको. हे बघ." त्यांनी काचेच्या कडेला नख टेकवलं. तिथे बारीकसा खड्डा होता. "माझी वाट बघायला लागले की अंगठीने इथेच टकटक करत बसायचे. मला तयार व्हायला वेळ लागायचा ना."

हे म्हणाले, "काढून आतून तडा बुजवतो आणि हीच परत बसवतो. तू नको काळजी करू."

ताई गेल्या. यांनी घड्याळ पुसलं, तोंडाशी नेलं आणि वाजवलं. टक. मी तिथेच भाजी निवडत होते. मलाही ऐकू आलं.

प्लास्टिकची काच काढायला यांच्याकडे एक पंजा आहे. तो चहूबाजूंनी काच दाबतो, प्लास्टिक जरासं आक्रसतं आणि सुटून वर येतं. खरी काच आक्रसत नाही. ती काढायची तर घड्याळ आधी आतून उघडावं लागतं. यांनी पंजा लावला आणि हलक्या हाताने फिरवला. कट्ट असा आवाज झाला आणि पांढऱ्या कागदावर चुरा सांडला.

हे त्या चुऱ्याकडे बघत बसले. मग तोंडातून कवळी काढून तिच्याकडे बघितलं. प्लास्टिकच्या दातांवर काय टिंग वाजणार? सगळंच टक. मला तेव्हा कळलं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणून सोडून द्यावं, तर ते दातसुद्धा यांचे नव्हते. मी आणलेले होते.

चुऱ्यात खड्ड्याचा तुकडा आम्ही दोघांनी शोधला. कुठला सापडतोय!

शेवटी यांनी काट्यांमधले कण ब्रशने काढले आणि नवी काच बसवली. संध्याकाळी ताई आल्या. यांना तोंड उघडवेना. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मीही मूग गिळून बसले. ताईंनी घड्याळ हातात घेतलं आणि नख कडेवरून फिरवलं. एकदा, मग उलट्या बाजूने, मग पुन्हा एकदा सबंध.

"छान झालंय रे," त्या म्हणाल्या, आणि घड्याळ पिशवीत टाकलं. आणलं होतं तेव्हा रुमालात गुंडाळून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे फोनपुढे खुर्ची ओढून बसलेले. चौथ्या दिवशी यांनीच लावला.

"ताई, चावी दिलीस का?"

"आता कशाला रे?" ताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

यांनी फोन ठेवला, डोळ्यावरचं भिंग उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. तेच, ताईंनी घेऊन दिलेलं. मी म्हटलं, "अहो, असं काय करता?" कवळी त्या दिवसापासून डबीत आहे. हे भात कुस्करून खातात, आणि सकाळी सात वाजले की फोनकडे बघतात.