छातीचा फोटो
मिरजेहून कराडला जाणाऱ्या एसटीत त्या मावशी माझ्या शेजारी होत्या. मांडीवर त्यांच्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, छातीचा फोटो. आमच्याकडं एक्स-रेला फोटोच म्हणतात. पाकीट दुमडू नये म्हणून त्या इतक्या धक्क्यांतही ताठ बसल्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर दूरच्या दीर्घिकासमूहाचं क्ष-किरणांतलं चित्र होतं.

“ह्या पेशंटला बी दोन डाग हायत की,” त्या हळूच म्हणाल्या.

मी सांगितलं, हा आकाशातला तापलेला वायू. मधल्या दीर्घिकेतून सुटलेल्या झोतांनी तो बाजूला ढकललाय, तिथं रिकामे, काळे डाग दिसतात. रेडिओ दुर्बिणीला मात्र तीच जागा झोतांतल्या कणांनी भरलेली दिसते.

“म्हंजी दुखत न्हाई न्हवं कुनाला?”

“नाही.”

“मग आसू द्यात डाग,” त्या म्हणाल्या, आणि कराडपर्यंत पाकिटावरचा हात काही काढला नाही.