पासपोर्टला कुंकू

माझ्या मुलीचा पासपोर्ट मी शुचिर्भूत होऊन, देवासमोर बसून, स्वतःच्या हातानं बाद केला.

इरा आमची एकुलती एक. जन्म इथलाच, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरचा. कॉलेजातून एका टर्मपुरती ती इंग्लंडच्या एका जुन्या विद्यापीठात पाहुणी विद्यार्थिनी म्हणून निघाली होती. विषय, जुनी कागदपत्रं कशी जपावीत. (हे लक्षात ठेवा, पुढे फार बोचणार आहे!) ज्या प्रोफेसरबाईंकडे शिकायला मिळावं म्हणून पोर दोन वर्षं झटत होती, त्या दर टर्मला दोनच पाहुणे विद्यार्थी घेत, आणि तेही टर्मच्या पहिल्या सोमवारी सकाळी समोर बसवून, बोलून. इराचं विमान शनिवारी संध्याकाळचं. म्हणजे सगळं कसं चोख.

शुक्रवारी सकाळी मी पासपोर्ट देवापुढे ठेवला. आता मी काही देवभोळा नाही. केमिकल इंजिनियर आहे. पण रिस्क कशाला घ्या? आमच्या घरात नवी गाडी आली, लॅपटॉप आला, अगदी एअर फ्रायर आला तरी आधी हळद-कुंकू लागतं. मग पासपोर्टानंच काय घोडं मारलंय?

आधी कव्हरवर बोट टेकवलं. गडद निळ्या रंगावर कुंकू दिसेचना! म्हणून उघडला. आत इराचा हसरा फोटो, आणि कपाळ मोकळं. आता तुम्हीच सांगा, मोकळं कपाळ समोर आल्यावर मराठी माणसाचं बोट थांबेल का? पाण्यात कालवलेली हळद लावली, तिच्यावर कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या आणि डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा हळद ओघळून नाकापर्यंत आली होती.

"अरे सुहास!" मागून माझी बायको नीता किंचाळली. "जिवंत माणसाच्या फोटोला कुंकू लावतात का?"

"आशीर्वाद आहे तो!"

"पासपोर्ट आहे तो! पूस आधी!"

पुसलं. पसरलं. मग मी भांडी घासायचा साबणाचा ओला स्पंज फिरवला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्याकडे तर रसायनांच्या दोन डिग्र्या आहेत! हळदीनं आपलं काम इमानेइतबारे केलं आणि इरा फोटोत जखमी दिसायला लागली.

"थांब, इथे सॉल्व्हंटच हवं," मी अधिकारवाणीनं म्हणालो आणि नीताचं नेलपॉलिश रिमूव्हर आणलं. लाल गेलं! त्याबरोबर इराचा डावा डोळा आणि जन्मतारखेचं अर्धं वर्षही गेलं. पान ओलं झालं म्हणून हेअर ड्रायर मारला. पानाचा पापड झाला, कडा वर आलेला.

तेवढ्यात इरा खाली आली. "बाबा, माझा पासपोर्ट कुठे... ओ माय गॉड. व्हॉट डिड यू डू?"

"काही नाही गं, थोडं कुंकू..."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "बाबा, मी जिथे चाललेय ना, तिथे सातशे वर्षांपूर्वीचे कागद शाबूत आहेत. माझा पासपोर्ट तुझ्याकडे वीस मिनिटं होता."

ओरडली असती तर परवडलं असतं. एरवी ती मला इंग्रजीतच उत्तरं देते. हे ती हळू आवाजात, सबंध मराठीत बोलली.

नीतानं फोनवर फोन केले. पासपोर्ट कचेरीची सगळ्यात लवकरची अपॉइंटमेंट सोमवारी सकाळची, तीही फिलाडेल्फियाला.

"यार, सोमवारी तर तिची मीटिंग आहे!" नीता म्हणाली. मी देवाकडे बघितलं. देवानं माझ्याकडे बघितलं नाही. विमान कॅन्सल केलं.

शनिवारी शेजारच्या कुलकर्णी काकू बेसनाचे लाडू घेऊन निरोप द्यायला आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "असू दे गं. काहीतरी वाईट टळायचं असेल. देवानंच थांबवलं म्हणायचं."

"नाही काकू," इरा म्हणाली. "बाबानं थांबवलं."

सोमवारी कचेरीत सांगितलं, पासपोर्ट कसा खराब झाला ते लेखी द्या. हळद-कुंकवाला इंग्रजीत काय म्हणतात? मी लिहिलं, "मुलीचा प्रवास सुरक्षित व्हावा म्हणून मी तिच्या फोटोतल्या कपाळाला मंगल पावडर लावली." खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं. मग चिमटीत धरून पान बघितलं.

"सर, इज धिस ब्लड?"

"नो मॅम. टर्मरिक. अँड सोप."

"अँड यू डिड धिस फॉर हर सेफ्टी?"

"येस."

"ओ हनी," त्या म्हणाल्या. मला नाही, इराला!

नवा फोटो हवा होता. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात फोटो काढतात, तिथे धावलो. रांगेत उभे असताना इराचा फोन वाजला. प्रोफेसरबाईंची ईमेल. दोन्ही जागा भरल्या, फार वाईट वाटतं, पुढच्या टर्मला जरूर या. इरा तर एकाच टर्मसाठी चालली होती. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहायला लागलं. पोरीनं दोन वर्षं जपलेलं मी वीस मिनिटांत धुऊन टाकलं होतं, आणि वर वाळवलंही होतं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "सॉरी, बेटा," एवढंच निघालं तोंडातून.

"नेक्स्ट!" दुकानदार ओरडला.

इरा गेली गुरुवारी. तिला दुसरेच कोणी सर शिकवतात. बरे आहेत म्हणते. "बरे" म्हणताना ती जी थांबते, ते मला फोनवर ऐकू येतं. विमानतळावर मी दोन्ही हात खिशात घालून उभा होतो. तिनंच कपाळ पुढे केलं. "लाव. पण मला लाव. पासपोर्ट आई धरेल."

या नव्या पासपोर्टची मुदत दहा वर्षं आहे. फोटोत इराचे डोळे सुजलेत, नाक लाल झालंय आणि तिची नजर कॅमेऱ्यातून आरपार, त्याच्या मागे उभ्या असलेल्या बापावर रोखलेली आहे. पुढची दहा वर्षं जगातल्या प्रत्येक विमानतळावर काचेमागचा माणूस तो फोटो बघून विचारात पडणार, की एवढ्या गोड पोरीचं कोणी इतकं वाईट केलं असेल? भारतीय पासपोर्टावर बापाचं नाव छापतात. अमेरिकेच्या पासपोर्टावर छापत नाहीत, एवढेच काय ते या देशाचे माझ्यावर उपकार!