एक्केचाळिसावी ओळ

बकुळला इंग्रजी येत नव्हतं. औषधाच्या पाकिटावरचं नाव ती एकेक अक्षर लावून वाचायची. पण ‘रन’ या एका इंग्रजी शब्दाचे एकशे बारा अर्थ तिला ओळीने, न अडखळता पाठ होते, आणि हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. सांगावं असं त्यात काही आहे, हेच तिला कधी वाटलं नाही. पंचेचाळीस वर्षं रोज सकाळी मधल्या खोलीत नवऱ्याची शिकवणी आणि दाराच्या अलीकडे तिचा स्वयंपाक. कुकरच्या शिट्ट्या मुद्दाम मोजाव्या लागत नाहीत, मोजल्या जातात. तसंच हे.

यज्ञेश्वर मास्तर उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री पिढ्यानपिढ्या राहिलेल्या, रामघाटावरच्या मराठी वैदिकांच्या घरातले. वडिलांची पाठशाळा होती, ती पुढे धाकट्या बिंदुमाधवाने सांभाळली. थोरल्याने इंग्रजी घेतलं, कॉलेजात शिकवायला लागला आणि दूधविनायकाच्या गल्लीत वेगळं बिऱ्हाड केलं. घर सोडलं खरं, पण शिकवायची रीत मात्र वडिलांचीच उचलून आणली. रीत म्हणजे संथा. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा. लिहून घ्यायचं नाही. अडखळलास तर पुन्हा पहिल्यापासून. आणि मधे कुणी सांगायचं नाही. कारण त्या घरचा नियमच असा होता की अडखळलेल्याच्या पुढचं दुसऱ्याने उचललं, की पाठ त्या दुसऱ्याचा झाला. पहिल्याने हात जोडून गप्प बसायचं. वेदांसाठी केलेला हा कायदा मास्तरांनी जसाच्या तसा इंग्रजीला लावला.

“रन म्हणजे पळणे एवढंच ज्याला येतं, तो परीक्षेतून पळतो,” असं ते नव्या मुलांना सांगायचे आणि लगेच सुरू करायचे. द बॉय रन्स, मुलगा पळतो. द रिव्हर रन्स, नदी वाहते. हर नोज इज रनिंग, तिचं नाक गळतंय. ही रन्स अ शॉप, तो दुकान चालवतो. सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुलं माना हलवत प्रत्येक ओळ दोनदा म्हणायची. खालून जाणारा नवखा यात्रेकरू वर बघून हात जोडायचा.

एकदा सासरे आले, ते जिन्यातच थांबून राहिले. बकुळने पाणी नेलं तेव्हा भांडं हातात धरून म्हणाले, “भाषा कुठली का असेना, पाठ चोख आहे.” तिने हे मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढला. दोनदा पुसला.

ओळी बऱ्याचशा घरातूनच आलेल्या. तिच्या लग्नातल्या शालूचा रंग त्यांच्या धोतरावर उतरला, तेव्हा ‘द कलर रन्स’. लेकीला, हिमानीला, टायफॉइड झाला, तेव्हा ‘शी इज रनिंग अ टेंपरेचर’; आठवडाभर तिचा ताप उतरला नाही आणि आठवडाभर मास्तरांनी ती ओळ शिकवली नाही. निवृत्तीनंतर ते संध्याकाळी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर बसायचे आणि परदेशी लोकांच्या बोलण्याला कान लावायचे. एखादा नवा अर्थ सापडला की चप्पल काढायच्या आधी दारातूनच सांगायचे, “आज एक मिळाली.” एखाद्या पाहुणीसारख्या कौतुकाने बकुळ विचारायची, कितवी?

एक्केचाळिसावी मात्र तिची स्वतःची होती. लग्नाचं पहिलं वर्ष. सागरहून आलेली, परक्या मुलांपुढे तोंड उघडायची लाज. पण चहाला आधण ठेवलं आणि डबा रिकामा निघाला. दाराआडून ती कसंबसं म्हणाली, “साखर संपली.” मुलं फिदीफिदी हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी मांडी सावरली आणि संथा दिली: वुई हॅव रन आउट ऑफ शुगर, साखर संपली. बारा मुलांनी एका सुरात दोनदा म्हटलं. आपलं वाक्य भिंतीवर आपटून परत आलेलं ऐकून बकुळला कुठे बघावं कळेना. त्या दिवशी चहा गुळाचा झाला. पण तेव्हापासून ती ओळ येईपर्यंत तिचा हात पोळीवर जरा हळू चालायचा.

तेव्हा दोन तुकड्या होत्या; सहाची मराठी, सातची हिंदी. मग मराठी घरांतलीच मुलं म्हणायला लागली, मास्साब, हिंदी में बताइए न. आठ वर्षांपूर्वी सहाची तुकडी संपली. त्यानंतर मराठी अर्थ मास्तर एकटेच, दाढी करताना पुटपुटायचे. पाठ गंजू नये म्हणून.

मागच्या माघात अशीच दाढी करताना ते कोसळले. गल्लीत गाडी येत नाही. चार शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून मैदागिनच्या मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, आणि बकुळ मागे त्यांची चप्पल हातात घेऊन धावत गेली. ती त्यांना लागणार नाही, हे तिला दवाखान्यात समजलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळायचं सगळं, पण पाणी हवं असलं तरी तोंडून नुसता घोगरा आवाज निघायचा, आणि तो आपलाच आहे हे पटून ते तोंड फिरवायचे.

बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. तिने सांगितलं की सुटा शब्द येत नसला, तरी जन्मभर पाठ असलेलं कधी कधी सलग येतं. तेच रोज म्हणू द्या, त्यातूनच पुढे कामाचे शब्द सुटे होतील. बिंदुमाधवाने लगोलग येऊन भावाच्या कानाशी संध्या म्हटली, रुद्र म्हटला. मास्तर छताकडे बघत राहिले. अन् पाचव्या दिवशी, सकाळी सहाला, बकुळ दूध तापवत असताना मधल्या खोलीतून आवाज आला. बोबडा, ओला, पण स्वर बरोबर. द बॉय रन्स. मुलगा पळतो.

दूध उतू गेलं. तिने गॅससुद्धा बंद केला नाही.

मग रोज सहाला हेच. सुरुवातीला चार ओळी, मग नऊ, मग सतरा. अडखळले की मास्तर डोळे मिटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शिकवणारी मुलगी म्हणायची, आजी, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर तुम्ही द्या, मदत होते. बकुळ मान हलवायची आणि देत नसे. पुढचं तिच्या ओठांवर असायचं. ती पदराचं टोक दातांत धरून बसायची. तिला हवं होतं ते फार थोडं. त्यांनी एकदा, स्वतःच्या तोंडाने, चहा मागावा.

आषाढात ते तिसाव्या ओळीला पोचले, आणि नवरात्रात चाळिसाव्या. वुई आर रनिंग शॉर्ट ऑफ टाइम, वेळ कमी पडतोय. तिथे गाडी थांबली. रोज चाळिसावी स्वच्छ यायची, मग ‘वुई हॅव रन’ एवढं व्हायचं आणि पुढे काही नाही. डोळे मिटायचे, पुन्हा मुलगा पळायला लागायचा. जवळजवळ तीन आठवडे. आपल्याच ओळीशी येऊन ते थांबतात, हे बकुळ कुणाला सांगणार?

दिवाळीला हिमानी लखनौहून आली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सगळं झटपट उरकायची सवय. पहिल्या सकाळी वडिलांजवळ बसली. सातव्यांदा ‘द बॉय रन्स’ ऐकल्यावर उठून स्वयंपाकघरात आली. तिचे डोळे लाल होते.

“आई, त्यांना बता दे ना पुढचं कोणीतरी. हे बघवत नाही. पाठशाळा आहे का ही?”

बकुळने तिला नियम सांगितला. हिमानी म्हणाली की आजारी माणसाला कसला नियम. हेही काही खोटं नव्हतं.

भाऊबीजेच्या सकाळी बिंदुमाधवही आला होता, गंध लावून, फराळाचं ताट समोर घेऊन. सहाला मास्तर सुरू झाले. त्या दिवशी आवाज चांगला लागला होता. लेक आली म्हणून असेल, भाऊ ऐकतोय म्हणून असेल. पंचवीस झाल्या, तीस झाल्या, हिमानी मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. चाळिसावी आली. मग, वुई हॅव रन. वुई हॅव रन. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. ते दाराकडे बघत होते, जिथून पंचेचाळीस वर्षांपूर्वी एक आवाज आला होता. डाव्या गालावरून पाणी उतरत होतं.

बकुळ दारात उभी होती. तिला राहवलं नाही.

“आउट ऑफ शुगर,” ती म्हणाली. “साखर संपली.”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे ती नंतर शंभरदा स्वतःला सांगणार होती. आश्चर्य होतं, आणि आश्चर्यामागे आणखी काही, जे जिन्यात पाठ ऐकताना सासऱ्यांच्या तोंडावर होतं. मग त्यांनी डाव्या हाताने उजवा निर्जीव हात उचलला, त्याला जोडला, आणि मान खाली घातली.

“तुम्ही म्हणा ना पुढे,” बकुळ म्हणाली.

ते हललेसुद्धा नाहीत. हिमानी म्हणाली, “आई, तुला येतं? म्हण ना, थांबू नकोस.” थांबलं तर जास्त वाईट दिसेल असं वाटून बकुळने बेचाळिसावी म्हटली, मग त्रेचाळिसावी. शेवटी एकशे बारावी, इन द लाँग रन, सरतेशेवटी. तिथवर ती एकटी गेली आणि मास्तर जोडलेल्या हातांनी ऐकत राहिले. हिमानी रडत तिला बिलगली. ते रेकॉर्डिंग तिने बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवलं. दिवसभर फोन वाजत होता, गुरुमाता प्रणाम, गुरुमाता धन्य. बकुळने एकही उचलला नाही. तिने बिंदुमाधवाचा चेहरा पाहिला होता. त्याच्या ताटातली करंजी तशीच होती.

जिना उतरताना तो थांबला. “वहिनी, दादाने पाठ तुम्हाला दिला.”

“मला नको, भावजी. परत कसा द्यायचा ते सांगा.”

बिंदुमाधवाने कठड्यावरचा हात काढला. परत द्यायची रीत त्यांच्याकडे नव्हती, तसा प्रसंगच कधी आला नव्हता, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले आणि मधल्या खोलीतून आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शिकवणारी मुलगी म्हणाली की असं होतं, थकवा असेल, पुन्हा येईल. तिने चित्रं दाखवली, गाणी लावली. मास्तर सौम्यपणे तिच्याकडे बघायचे आणि तोंड उघडायचे नाहीत. तो घोगरा आवाजही गेला. पाणी हवं असलं की आता ते पेल्याकडे नुसतं बघतात. हिमानी फोनवर हळू आवाजात विचारते, आई, माझ्यामुळे झालं का? बकुळ म्हणते, नाही गं. आणि खरंच तसं मानते. बोललं ते तिचंच तोंड होतं.

रीत नव्हती, ती तिने आपली आपण काढली. आता रोज सहाला ती चहाचे दोन कप घेऊन मधल्या खोलीत येते, सतरंजी घालून त्यांच्यासमोर मांडी घालून बसते, आणि सुरू करते. ओळ एकदा म्हणते. मग दोनदा म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबते, आणि पुढची घेते. चाळीस होतात. वेळ कमी पडतोय. त्यानंतर ती “वुई हॅव रन” म्हणते आणि थांबते.

“अहो, मला पुढचं आठवत नाही,” ती म्हणते. “तुम्ही सांगा.”

ते बघतात. ती खोटं बोलते आहे हे त्यांना कळतं, हेही तिला कळतं. खाली गल्लीत दूधवाल्याची सायकल जाते, माकडं छताची जाळी हलवतात, चहावर साय धरते. बकुळ वाट बघते.

मग ती डोळे मिटते, आणि अडखळलेल्याने करायचं तसं पहिल्यापासून सुरू करते. द बॉय रन्स. मुलगा पळतो.