तीन ठिपके

त्या चाकूची मला आजही किळस येते. चाकू वाईट होता म्हणून नव्हे. तेवढं देखणं पातं मी पुन्हा घडवलं नाही.

चौक गावात हमरस्त्यालगत आमचा लोहारकीचा भाता होता. बाबा आणि मी विळे, कोयते, नांगराचे फाळ करायचो. शिकारीवर तेव्हा बंदी आलेली नव्हती. मुंबईचे हौशी साहेब जीप भरून यायचे आणि एखादं रानडुक्कर मारून वाघ मारल्याच्या रुबाबात परत जायचे. त्यातलाच एक जण मासिकातलं चित्र घेऊन आला. त्याला तस्सा शिकारी चाकू हवा होता. मूठ सांबरशिंगाची, आणि मुठीच्या दोन्ही टोकांना बसवलेलं पोलाद निळं. रंग फासलेलं निळं नव्हे, आगीतून उतरलेलं.

"जमेल का तुम्हा गावठी लोकांना?" चित्रावर बोट आपटत त्याने विचारलं. तिथंच त्याला हाकलायला हवा होता. पण मी इरेला पेटलो.

शेजारच्या गॅरेजातून ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा आणला. बाबांनी तो सांडशीत धरला, मी घण मारला. पातं दोन दिवसांत झालं. निळाईने मात्र माझा जीव खाल्ला. पोलाद आरशासारखं घासायचं, तापलेल्या वाळूत ठेवायचं आणि डोळा न हलवता बघत राहायचं. आधी ते पिवळं पडतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. त्याच क्षणी उचलून तेलात टाकायचं. जरा उशीर झाला की राखाडी. पाच वेळा फसलो. सहाव्यांदा दौतीतल्या शाईसारखा निळा रंग चढला, तेव्हा मी एकटाच मोठ्याने ओरडलो. मग बाबांनी मुठीलगत पात्यावर आपला ठसा मारला: तीन ठिपके. कडावपासून खोपोलीपर्यंत बायका ते ठिपके बघूनच विळा घेत.

साहेब यायच्या दिवशी मी चामड्याचं म्यान आणायला गेलो होतो. नवं हत्यार पूजा झाल्याशिवाय आमच्याकडून बाहेर जात नसे. बाबांनी तेच केलं. तेल पुसून काढलं, हळदकुंकू वाहिलं, त्याच पात्याने लिंबू कापलं आणि दोन्ही फोडी मुठीवर पिळून तिथंच ठेवल्या. विळ्याकोयत्याच्या काळ्या लोखंडाला त्याने कधी काही झालं नव्हतं. मी आलो तर निळाई गेलेली. रस ओघळला तिथं मळकट, राखाडी पट्टे.

"काय केलंस ह्ये? थेरड्या, अक्कल हाय का नाय तुला?" मी बाबांवर ओरडलो. जीपमधून उतरणाऱ्या साहेबाने ते ऐकलं आणि गालात हसला. लिहितानाही माझं तोंड कडू होतं.

साहेबाने चाकू उचलला, उलटासुलटा केला.

"अहो, उलट उत्तम झालं! जुना दिसतोय. आजोबांनी विलायतेहून आणला म्हणून सांगतो क्लबात." मग त्याने अंगठ्याचं नख त्या ठिपक्यांवर टेकवलं. "हे तेवढं घासून टाका."

तो चाकू त्याच्या पायाशी फेकायला हवा होता. मी काय केलं? हसलो. लाळघोटं, दात दाखवून हसलो, "व्हय सायब" म्हणालो आणि कानस उचलली. माझं काम विलायती म्हणून खपणार, याचा मला आनंद झाला होता. शी!

पण हात धड चालेना. कानस घसरू लागली. भात्याशी बसलेले बाबा उठले आणि त्यांनी हात पुढे केला.

"दे हिकडं, रं. कानस घसरतीया. पात्याला वरखडा उठंल."

मी कानस दिली. बाबा वाकले. तीनही ठिपके त्यांनी सावकाश घासून काढले, कीस फुंकला, पात्यावर तेलाचा हात फिरवला आणि चाकू दोन्ही हातांनी साहेबाला दिला.