वाकडे टाके

साठी उलटल्यावर मी गोधडी शिवायला शिकतोय, हे भोरमध्ये ज्याला ज्याला कळलं तो तो हसला. सगळ्यात मोठ्यानं हसायला हवी होती माझी बायको, पण ती हसली नाही. "जावा की. घरात बसून माज्याकडं बघत ऱ्हाण्यापरीस बरं," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

ज्येष्ठात तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय सुधारला, काठी टेकत ती घरभर फिरू लागली, पण हात परत आला नाही. त्याच्या थोडंच आधी पुण्याहून लेकीनं फोनवर गोड बातमी सांगितली होती. त्याच दुपारी बायकोनं आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या काढून बाळासाठी गोधडी शिवायला घेतली होती. ती निम्मी झाली आणि हे झालं.

निम्मी गोधडी तिनं मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायला लावली. "बाजारातनं तयार आणा. आन् हिला कुनी हात लावायचा न्हाई," असं बजावलं. शेजारणींनी पुरी करून देऊ म्हणून पाहिलं, लेकीनं फोनवरून विनवलं, पण नाही म्हणजे नाही. आमच्या घरात तापट म्हणून प्रसिद्धी माझी आहे, पण हट्टाच्या बाबतीत मी तिच्या पासंगालाही पुरत नाही. तिचा हट्ट मला कळत होता. दुसऱ्या कुणी ती गोधडी पुरी केली असती, तर हात गेला यावर शिक्कामोर्तबच झालं असतं. पण लेक पौषात बाळंतपणाला येणार होती, आणि ती गोधडी तशीच फळीवर पडून राहावी हे मला सहन होत नव्हतं. आपल्याला शिवता आलं तर आपल्याला तरी ती नाही म्हणणार नाही, अशी माझी भाबडी समजूत.

भाताची झोडणी उरकली की आसपासच्या गावांतल्या बायांना जरा सवड मिळते. तेव्हा देवळामागच्या सभागृहात दुपारचा गोधडीचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई उत्रोलीच्या, माझ्याच वयाच्या. मला दारात बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, वहिनींला न्यायला आलाय व्हय?" मी शिकायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "मांडी घालून बसाया येतंय का पर?"

मांडीचंच अवघड होतं. सुईत दोरा ओवायला मला चहा निवेपर्यंत वेळ लागायचा. शेवटी किकवीहून एसटीनं येणारी एक तरणी सून माझी सुई ओढून घ्यायची आणि बोलता बोलता ओवून परत द्यायची. पहिले दोन दिवस बाया माझ्यासमोर जपून बोलल्या. मग मी तिथं आहे हेच विसरल्या. सासवा, नणंदा, कुणाच्या म्हशीनं लाथ मारली, कुणाचा मोबाईल भाताच्या कणगीत सापडला, सगळं कानावर येऊ लागलं. चाळीस वर्षं कचेरीत काढली, पण हात चालू ठेवून इतकं मनमोकळं हसणारी माणसं मी तिथं पाहिली नाहीत. दुपारचे दोन कधी वाजतात याची मी वाट बघू लागलो.

एके दिवशी मी मान खाली घालून सलग दोन ओळी घातल्या. एवढ्या सरळ की माझा मलाच अभिमान वाटला. बाईंना दाखवायला म्हणून ऐटीत उठलो, तर गोधडीही माझ्याबरोबर उठली. साड्यांच्या थरांबरोबर मी आपला पायजमाही शिवून टाकला होता. सभागृहात असा हशा पिकला की देवळातले पुजारी डोकावून गेले. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ, आता गोधडी घालूनच घरी जावा, थंडी न्हाई वाजायची." मग मला तसंच उभं ठेवून किकवीच्या सुनेनं गुडघ्याशी बसून टाके उसवले.

घरी आल्यावर हे बायकोला सांगावं की नाही, असं क्षणभर वाटलं. सांगितलं. ऐकता ऐकता तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, अगदी खोकला येईपर्यंत. तिचं असं हसू मी ज्येष्ठानंतर पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला इतका आनंद झाला की मी पायजम्याची भोकंसुद्धा तिला दाखवली. तेव्हापासून मी आलो की ती विचारायची, "आज काय शिवून आलासा?"

पण फळीवरच्या गोधडीबद्दल ती अवाक्षर काढत नव्हती, आणि विचारायची माझीही छाती होत नव्हती.

गोधडीला एक गोष्ट लागते ती म्हणजे वजन. आतले थर सुईबरोबर सरकतात, चुण्या पडतात. म्हणून वर्गात समोर कुणीतरी कापड दाबून बसायचं, आणि कुणी नसलं तर बाई वरवंटा ठेवायला सांगायच्या. एका संध्याकाळी मी घरी सरावाचा तुकडा घेऊन जमिनीवर बसलो होतो. बायको खुर्चीवरून बघत होती. माझं कापड सारखं गोळा होत होतं आणि माझा पारा चढत होता. वरवंटा आणायला म्हणून मी उठलो.

"बसा," ती म्हणाली.

काठी टेकत ती खाली माझ्यासमोर येऊन बसली. डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात उचलला आणि माझ्या कापडावर नेऊन ठेवला. एकेक बोट सरळ केलं, तळवा सपाट केला. "हा नुसताच पडून असतोय," ती म्हणाली. "हितं तरी पडू दे. घाला टाका."

मला काही दिसेना. सुई बोटात गेली तेव्हा कुठं डोळे पुसायचं सुचलं. मी ओळ घातली. कापड तसूभरही हललं नाही. ओळ संपली तशी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "कपाट उगडा."

मी निम्मी गोधडी खाली आणली. शेवटच्या टाक्यापाशी तिची सुई तशीच खोचलेली होती, गंजाचा डाग कापडाला लागला होता. आम्ही गोधडी दोघांच्या मध्ये पसरली. तिनं पुन्हा आपला हात उचलून त्या साड्यांवर ठेवला आणि मी तिच्या टाक्यापासून पुढं शिवायला सुरुवात केली.

तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, सारखे. माझे लांबोडके, एक वर एक खाली. पहिली ओळ पुरी झाल्यावर मी ती बघितली आणि शरमलो. सरावाच्या तुकड्यावर बरी दिसणारी माझी कारागिरी तिच्या शेजारी अगदीच उघडी पडली होती.

"उसवतो," मी म्हणालो. "उद्या बाईंना विचारून नीट घालतो."

तिनं डाव्या हाताचं बोट आधी स्वतःच्या टाक्यांवरून फिरवलं, मग थांबून हळूहळू माझ्या टाक्यांवरून शेवटपर्यंत नेलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजा हात कुठं थांबला ते पोरीला म्हाईत हाय. तुमचा कुठनं लागला, ते बी दिसू दे."