कोल्ह्याचं पान

"वहिनी, राउंड."

सकाळी कुंपणाच्या फळीवर चमच्याने दोनदा टकटक व्हायची आणि पलीकडून एवढंच ऐकू यायचं. गुड मॉर्निंग नाही की चहा झाला का नाही. मी हातातली कणीक तशीच ताटाखाली झाकायची, चपला पायात सरकवायच्या आणि पुढच्या दाराने वळसा घालून त्यांच्याकडे जायचं. लंडनजवळच्या पिनरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्या डॉक्टर होत्या, इथल्याच एका हॉस्पिटलात नोकरी करून रिटायर झालेल्या. मूळच्या पुण्याच्या. नवरा गेलेला, मुलगी केंब्रिजला. मी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायची.

मुलाकडे राहायला आले तेव्हा मी कुणाशी बोलत नसे. इंग्रजी येत नाही, शाळा चौथीपर्यंत. दारावरची बेल वाजली तर मी जिन्यात जाऊन बसायची. असं माणूस तुम्हीही एखाद्या घरात पाहिलं असेल, पाहुणे आले की जे स्वयंपाकघरातच रमतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर काढलं ते गप्पा मारायला नाही, कामाला.

ऑगस्ट संपत आला होता. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर कुंपणावरून त्यांचं डोकं वर आलं.

"वहिनी, पटकन काटा आणा."

आवाज असा की मी पळतच घरात गेले, खण उघडला, स्टीलचा काटा घेतला आणि पळतच त्यांच्याकडे पोचले. त्या गवतात बसलेल्या. हातात बागकामाचे जाड हातमोजे, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलात काटेरी, तपकिरी असा एक गोळा. त्यांनी माझ्या हातातला काटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"वजन करायचंय हो. हा काय बटाटा आहे, शिजला का टोचून बघायला?"

मी हसत सुटले. त्याही हसल्या, पण टॉवेल हलू दिला नाही. मग मी सुनेचा केक करायचा वजनकाटा आणला, त्यावर भांडं ठेवलं आणि भांड्यात तो गोळा. काट्यावर काटे. हेजहॉग मी पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहत होते. आमच्याकडच्या साळिंदराचं धाकटं भावंड म्हणावं असं ते जनावर. नाकाचं काळं टोक तेवढं बाहेर, आणि ते सारखं वास घेत हलत होतं.

आकडा डॉक्टरीणबाईंनी वाकून परत बघितला.

"कमी आहे?" मी विचारलं.

"फार कमी. उशिरा जन्मलेलं पिल्लू आहे. थंडी पडली की हा झोपणार, थेट वसंतापर्यंत. अंगावर चरबी नसेल तर झोपेल, पण उठणार नाही." त्यांनी मोज्याच्या बोटाने त्याच्या पाठीवरचं गवत काढलं. "मी भूल देणारी डॉक्टर होते, वहिनी. झोपवणं कुणालाही जमतं. पगार मिळायचा तो उठवायचा."

त्या दिवसापासून तो आमचा पेशंट झाला.

त्यांनी त्याला बागेतच सोडलं, प्लॅस्टिकचा मोठा डबा आणला, त्याला खाली पेशंट जाईल एवढंच भोक पाडलं आणि आत मांजराच्या खाण्याची ताटली ठेवली. झाडाला छोटा कॅमेरा बांधला. रात्री काय घडलं ते सकाळी चहाबरोबर टॅबवर बघायचं, तीच आमची राउंड. आता गंमत अशी की डॉक्टरीणबाई पक्क्या शाकाहारी. मांजराच्या खाण्याचा टिन उघडताना तोंड खिडकीकडे आणि हात टिनवर.

"ऑपरेशन थिएटरमध्ये याच्यापेक्षा वाईट पाहिलंय," त्या म्हणायच्या, आणि तरी नाक धरायच्या.

"द्या इकडे," मी म्हटलं. "मी मटण खाणारी आहे." तेव्हापासून टिनचं खातं माझ्याकडे आलं.

पहिल्या राउंडला पेशंट आला, आत गेला, बराच वेळ आत राहिला आणि ओठ चाटत बाहेर आला. दोघी टॅबवर वाकून बघत होतो, आमचा चहा निवून गेला. दुसऱ्या सकाळी मात्र पडद्यावर आधी दोन हिरवे डोळे दिसले. मग लांब तोंड, मग झुपकेदार शेपूट.

"कोल्हा," मी म्हटलं.

"लफंगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लफंग्याने डबा नाकाने ढकलला, उलटा केला, ताटली चाटून लख्ख केली आणि जाताना डब्यावर पाय वर करून गेला. त्या वासाला मी काय नाव देऊ? तुम्ही लंडनच्या आसपास राहत असाल तर तो वास तुम्हाला माहीत असेल. सडलेला कांदा, ओलं कुत्रं आणि जळलेलं रबर एकत्र केल्यासारखा. डबा गरम पाण्याने धुतला, व्हिनेगरने धुतला, तरी पेशंट दोन दिवस त्याच्या जवळ फिरकला नाही. ते दोन दिवस डॉक्टरीणबाई नीट जेवल्याही नाहीत.

मग आमची लढाई सुरू झाली. मी गावाहून आणलेला पाटा घरात नुसताच पडून होता, कारण सुनेकडे मिक्सर. तो उचलून डब्यावर ठेवला. लफंग्याला डबा उलटवता येईना, म्हणून त्याने भोकातून पाय आत घालून ताटली ओढून घेतली. आम्ही ताटली विटेने अडवली. त्याने वीट बाहेर काढली. डॉक्टरीणबाईंनी शेजारी दिवा लावला, तर तो दिव्याच्या उजेडात निवांत जेवला.

"अहो, त्याला वाटलं कॅण्डललाइट डिनर आहे," त्या म्हणाल्या. हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "गंमत नाही. पेशंटचं वजन वाढत नाहीये."

सप्टेंबर संपायला आला. रोज सकाळी गवतावर दव जाड होत होतं. माझा मुलगा म्हणाला, "आई, यू टू आर ऑब्सेस्ड. पेस्ट कंट्रोलला फोन करू का? कोल्ह्याचं बघतील ते." मी ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या डब्यावरचा पाटा सरळ करत राहिल्या. मग म्हणाल्या, "या आठवड्यात नाही जमलं, तर करू."

त्याच आठवड्यात पितृपक्षातली त्यांच्या नवऱ्याची तिथी आली. त्या असलं काही मानत नसत, हे त्यांनीच मला दहा वेळा सांगितलेलं. पण त्या दिवशी चमचा सकाळी वाजलाच नाही. दुपारी वाजला.

"वहिनी, जेवायला या. माझा विश्वास बिश्वास काही नाही. त्यांना अळूवड्या आवडायच्या, म्हणून केल्यात."

गेले तर टेबलावर पूर्ण स्वयंपाक. खीर, वडे, आमटी, भात, अळूवड्या. आणि ओट्यावर एक पान वेगळं वाढलेलं.

"हे कुणाला?" मी विचारलं, माहीत असून.

"कावळ्याला," त्या पाठमोऱ्या राहूनच म्हणाल्या. "हसू नका."

मी हसले नाही. आम्ही पान मागच्या शेडजवळच्या कठड्यावर ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिलो. कावळे होते. समोरच्या छपरावर चांगले चार बसले होते. बघत होते, पण जागचे हलत नव्हते.

"इथले कावळे आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना अळूवडी काय कळणार."

"फिश अँड चिप्स हवं होतं," मी म्हटलं. इंग्रजी शब्द माझ्या तोंडून तसे कमीच निघतात, त्यामुळे त्या खूप हसल्या. मग हळूहळू हसू ओसरलं. भात निवत होता. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, हात मागे घेतला, परत बघितलं. कावळा शिवला नाही तर माणसाचं काहीतरी राहून गेलंय असं आपण म्हणतो. त्यांनाही ते माहीत होतं. मला तिथे उभं राहणं कठीण झालं. काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात झुडूप हललं.

भर दुपारी, उन्हात, लफंगा बाहेर आला. कधी नव्हे तो असा दिवसा. अंगावरचे केस नारिंगी, एक कान फाटका. त्याने कठड्यावर पुढचे पाय ठेवले, पानाचा वास घेतला. मी दार उघडून त्याला हाकलायला निघाले, तर डॉक्टरीणबाईंनी माझा दंड धरला. घट्ट.

त्याने आधी अळूवडी उचलली. सगळ्या पानात आधी तीच. मग दुसरी. मग खीर चाटली, शेवटचा थेंबसुद्धा. डोकं वर करून सरळ खिडकीकडे बघितलं आणि आला तसा गेला.

छपरावरचे कावळे अजून तिथेच बसले होते.

"कोल्हा शिवला," मी हळूच म्हटलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या, मग लक्षात आलं की आपण स्वेटर घातलाय, तर स्वेटरने पुसला. "आमचे हे असेच होते. तेही डॉक्टर, वॉर्डातून कुणालाही जेवायला घेऊन यायचे. विचारायचं नाही, सांगायचं नाही. मी चिडायची, आणि पाहुणा आधी अळूवडीच उचलायचा."

मग एकदम माझ्याकडे वळल्या. "वहिनी, पण आता याला हाकलायचं कसं?"

तीच खरी अडचण झाली होती. ज्याने तिथीचं पान खाल्लं, त्याच्यावर पेस्ट कंट्रोलवाल्याला सोडायचं? न मानणाऱ्या डॉक्टरीणबाईंनाही ते जमेना. आम्ही जेवलो, हात धुतले, आणि हात पुसता पुसता मला सुचलं की आमच्याकडे लग्नात भांडखोर पाहुण्यांना पहिल्या पंगतीला बसवून मोकळं करतात.

"मग त्याची पंगत आधी उठवायची," मी म्हटलं. "उजेड आहे तोवर. लांब, शेडपाशी. पोट भरलं की तो कशाला येतोय डब्याकडे?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "दोन सिटिंग," त्या म्हणाल्या. "अहो, हे मला का नाही सुचलं?"

त्या दिवसापासून दिवेलागणीच्या आधी शेडपाशी लफंग्याचं पान, आणि अंधारताना डब्यात पेशंटचं. पान म्हणजे मांजराचं खाणं, पण आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई त्यावर एक अळूवडी ठेवायच्याच. आता त्या त्याला लफंगा म्हणत नसत, "पाहुणे आले का?" असं विचारत. या नव्या व्यवस्थेच्या पहिल्या राउंडला काय दिसलं सांगू? पाहुणे जेवले, डब्यापासून हातभर लांबून गेले आणि डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यानंतर पेशंट आला आणि सगळी ताटली संपवली. डॉक्टरीणबाईंनी टॅब टेबलावर ठेवून माझ्याशी शेकहॅण्ड केला. माझ्याशी आयुष्यात कुणी शेकहॅण्ड केला नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटी परत वजन केलं. या वेळी मी बरोबर काटा आणला. पेशंटने भांड्यात गोळा व्हायचेही कष्ट घेतले नाहीत, एवढा तो सुस्त झाला होता. डॉक्टरीणबाईंनी आकडा मोठ्याने वाचला, परत वाचला आणि म्हणाल्या, "फिट फॉर अनेस्थेशिया."

पेशंटने झोपायला जागा निवडली ती कुंपणाखालून येऊन आमच्या बागेत, पालापाचोळ्याच्या ढिगात. मुलगा तो ढीग कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनमध्ये भरायला निघाला होता. मी ढिगासमोर उभी राहिले.

"आई, सरक ना."

"नाही."

मी मुलाला कधी नाही म्हणत नाही. तो फावडं घेऊन तसाच उभा राहिला, मग गुपचूप आमच्या शेडमध्ये ठेवून आला.

जानेवारीत डॉक्टरीणबाई दारातल्या बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मुलगी त्यांना हॉस्पिटलातूनच केंब्रिजला घेऊन गेली. जिने चढायचे नाहीत, एकटीने राहायचं नाही. पुढे घराबाहेर विकण्याची पाटी लागली. माणसं येऊन घर बघून जायची, बागेत उभी राहून फोनवर बोलायची. मी खिडकीतून बघायची की कुणी कुंपणाशी तर जात नाही ना. डॉक्टरीणबाईंचा व्हिडिओ फोन आठवड्याला यायचा. फोन नीट धरता येत नसे त्यांना, नुसतं कपाळ दिसायचं. स्वतःच्या पायाचं काही बोलायच्या नाहीत.

"ढीग कोरडा आहे ना?"

"आहे."

"हलवून बघू नका हं."

"नाही बघत."

"पाहुणे?"

"जेवून जातात. आता आमच्या शेडपाशी."

फेब्रुवारी गेला. मार्चमध्ये सगळीकडे पिवळी फुलं आली, मधमाश्या आल्या. ढीग तसाच होता. फोनवर त्या विचारायच्या थांबल्या होत्या. मीही सांगायची थांबले होते. दोघी हवापाण्याचं बोलायचो.

एप्रिलमधली संध्याकाळ. अजून चांगला उजेड होता. पाहुण्यांचं पान ठेवून मी परतत होते, तर पाचोळा वाजला. वारा नव्हता. मी थांबले. एक पान सरकलं, मग त्याखालचं सरकलं, आणि काळ्या नाकाचं टोक बाहेर आलं. ते वास घेत होतं.

मी कशी घरात गेले, फोन कुठून उचलला, काही आठवत नाही. हिरवं बटण दाबताना बोट दोनदा चुकलं. कपाळ दिसलं.

"काय झालं वहिनी?"

"उठला."

कपाळ हललं नाही.

"दाखवा."

मला कॅमेरा फिरवता येत नाही, म्हणून मी बाहेर येऊन गवतात बसले आणि आख्खा फोनच त्याच्याकडे वळवला. आता मला त्या दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता.

"चालतोय कसा? सरळ?"

"डुगडुगतोय."

"डुगडुगू दे. मीसुद्धा तशीच चालतेय. पाणी ठेवलंय?"

"बशीत आहे. निघालाय तिकडेच."

"पितोय?"

त्याने बशीच्या कडेवर पाय ठेवला, बशी थोडी कलली, आणि तो प्यायला लागला. जिभेचा बारीक लपलप आवाज येत होता. फोनमधून काहीच आलं नाही.

"डॉक्टरीणबाई?" मी म्हटलं आणि फोन माझ्याकडे वळवला.

कपाळ नव्हतं. पडद्यावर केंब्रिजच्या त्या खोलीचं नुसतं पांढरं छत होतं. फोन पलंगावर टाकून त्या बहुतेक मुलीला बघायला बोलावत होत्या, इंग्रजीत, आणि चालायच्या काठीचा खटखट आवाज लांब जात होता. मी एकदा छताकडे बघितलं. मग परत येऊन त्यांनी फोन उचलला की पहिल्यांदा त्यांना तोच दिसावा, म्हणून फोन पुन्हा पेशंटकडे वळवला आणि हात हलू न देता ओल्या गवतात बसून राहिले.