चक्रनारायणांची प्रार्थना

मधुसूदन चक्रनारायण हे नाव लखनौच्या जिभेला झेपणारं नव्हतंच. पहिल्या महिनाभरातच लोकांनी पुढचं चक्र काढून टाकलं आणि नगर जिल्ह्यातल्या तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला 'नारायण साहब' करून सोडलं. चर्चमध्येही तेच नाव चालू झालं. या गृहस्थांनी कधी कुरकुर केली नाही. एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळेसाठी काचेच्या नळ्या आणि चंबू घडवायचं काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. ज्योतीवर काच धरायची आणि ती मऊ झाली की नळीतून बेताने फुंकायची. असं काम करणाऱ्याला फार बोलून चालत नाही, आणि त्यांनाही बोलायची फारशी हौस नव्हती.

घरी प्रार्थनेला बसले की मात्र हा माणूस ओळखू येत नसे. लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज दिवेलागणीला कुटुंबाची प्रार्थना व्हायची, शुद्ध मराठीत, आणि ती नगरच्या भावाच्या विहिरीपासून मुलीच्या, विनयाच्या गणितापर्यंत सगळ्यांचा समाचार घेत चालायची. सरोजबाई डोळे मिटून बसायच्या आणि दूध उतू जायची वेळ झाली की एक डोळा उघडायच्या. त्या लखनौच्याच लालबाग मोहल्ल्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवत. नवऱ्याची प्रार्थना लांबते असं त्या चारचौघांत सांगत, पण ती ऐकल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

१९७६ साली सरोजबाईंना कर्करोग झाला. चार महिने त्या रुग्णालयात होत्या. शेवटी शेवटी वेदना इतक्या वाढल्या, की त्यांचं कण्हणं व्हरांड्यापर्यंत ऐकू यायचं. एका दुपारी मधुसूदनराव त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि देवाशी एकच वाक्य बोलले, "बापा, आता तिला ने."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजबाई गेल्या.

झालं, त्या दिवसापासून मधुसूदनरावांनी देवापुढे तोंड मिटलं. जन्मभर इतकं मागितलं, त्यातलं निम्मंअधिक देवाने बाजूला ठेवलं, आणि हेच तेवढं हातोहात ऐकलं. बायकोला आपणच मारलं, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी रुतून बसली की निघेना. ते चर्चला जात, गीतं गात, प्रभुभोजन घेत. मागत मात्र काहीच नसत. विनयाला बँकेत नोकरी लागली, तेव्हाही त्यांनी देवाकडे शब्द टाकला नव्हता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, विनयालासुद्धा नाही. सांगणार तरी काय, आणि कोणत्या तोंडाने?

१९७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी चर्चमध्ये 'बुजुर्ग संगति' सुरू झाली. दर गुरुवारी चार वाजता साठीच्या पुढची बारा-पंधरा माणसं हॉलमध्ये जमत. आधी खुर्चीत बसल्या बसल्या हातपाय हलवायचा व्यायाम, मग ढोलकीवर भजनं, मग चहा आणि समोसे. थंडीत बोटॅनिकल गार्डनमध्ये सहल निघे आणि तिथे उन्हात बसून सगळे आपापल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं गात. विनयानेच त्यांना पहिल्या गुरुवारी अक्षरशः ढकलून पाठवलं. नंतर त्यांना तिथे आवडू लागलं, फक्त शेवटची दहा मिनिटं सोडून.

शेवटी सगळे गोल बसत, एकमेकांचे हात धरत आणि प्रार्थना एकाकडून दुसऱ्याकडे जाई. ज्याला मोठ्याने प्रार्थना करायची नसेल त्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा, की पाळी पुढे सरकली, असा तिथला रिवाज होता. कुणी कारण विचारायचं नाही. मधुसूदनरावांच्या उजव्या हाताला नेहमी मिस साहब असत. मिस चंद्रप्रभा मसीह या सरोजबाईंच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज असा की वर्गाच्या भिंतींनी सरळ उभं राहावं. मधुसूदनराव दर गुरुवारी त्यांचा हात दाबत आणि मिस साहब ठणठणीत उर्दूमिश्रित हिंदीत देवाला कामं नेमून देत. एकदा चहाच्या वेळी त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, की नारायण साहब आता पक्के लखनवी झाले, खुदा के सामने भी 'पहले आप'. सगळे हसले. मधुसूदनरावही हसले.

पादरी साहबांना वाटे की यांची अडचण हिंदीची आहे. त्या भल्या माणसाने एक छोटी हिंदी प्रार्थना स्वतःच्या हाताने कागदावर लिहून त्यांना दिली. मधुसूदनरावांनी आभार मानून ती खिशात ठेवली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हात दाबला.

अशी चार वर्षं गेली. १९८३ च्या जानेवारीत मिस साहबना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तो आवाज बंद पडलेला पाहून मोठमोठी माणसं गांगरली. तीन आठवड्यांनी त्यांना लालबागच्या घरी आणलं, तेव्हा पादरी साहबांनी ठरवलं की त्या येऊ शकत नाहीत, तर संगतिच त्यांच्याकडे जाईल. गुरुवारी हॉलमधल्या खुर्च्या रिक्षांवर लादून नेल्या आणि पलंगाभोवती मांडल्या. मधुसूदनराव सवयीने मिस साहबच्या डाव्या हाताशी बसले.

प्रार्थना सुरू झाली. एकेक जण मिस साहबसाठी मागत गेला आणि पाळी मधुसूदनरावांपर्यंत आली. डोळे मिटलेले होते, मन भलतीकडेच होतं. त्यांनी चार वर्षांच्या सवयीने मिस साहबचा हात दाबला.

दाबला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाकडे पाळी ढकलली ते. शरमेने त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पादरी साहबांनी घसा खाकरला, आता ते सावरून घेणार, एवढ्यात मिस साहबनी आपल्या धड असलेल्या डाव्या हाताने त्यांचा हात आवळला. एकदा आवळला, पुन्हा आवळला आणि सोडलाच नाही. आपलं काम आपणच करायचं, असं त्या शाळेतल्या मुलींना बजावत, तसंच.

मधुसूदनरावांनी तोंड उघडलं आणि मराठी बाहेर आली.

"बापा, मी सरोजचं मरण मागितलं, आणि तू ते दिलंस. तेव्हापासून मला तुझी भीती वाटते. आता मी काही मागितलं आणि तू भलतंच ऐकलंस तर? मिस साहबना बोलू दे. एवढंच ऐक, दुसरं काही ऐकू नकोस."

आमेन झाल्यावर पादरी साहब भारावून म्हणाले, की मराठी किती गोड भाषा आहे. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कुणाला काही समजलं नव्हतं, आणि ज्यांना थोडंफार समजलं त्यांना ते पवित्र शास्त्रातलं एखादं वचन वाटलं. मिस साहब मात्र डोळे फाडून त्यांच्याकडे बघत होत्या. सरोज, मरण, माँगना, एवढं जोडायला मुख्याध्यापिकेला शब्दकोश लागत नाही. त्यांचे ओठ हलले, घशातून घरघर आली, लाळ गळली. सांभाळणाऱ्या बाईने ती पुसली. मधुसूदनरावांना वाटलं, यांना आपली किळस आली.

पुढचे दोन गुरुवार ते गुडघा धरून घरीच बसले. तिसऱ्या गुरुवारी विनया बँकेतून परतताना सांभाळणाऱ्या बाईचा निरोप घेऊन आली. "बाबा, मिस साहब दर वेळी तुमची खुर्ची दाखवतात. दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत." मुलीसमोर त्यांना गुडघ्याचं नाटक रेटता येईना. ते गेले, आणि मग जातच राहिले, गुरुवार नसला तरीही. मिस साहबना खिचडी भरवत, वर्तमानपत्र वाचून दाखवत. मिस साहब अधूनमधून काहीतरी सांगायला धडपडत, जमलं नाही की चिडून उशीवर मूठ आपटत. मधुसूदनराव म्हणत, होईल, होईल. आतून मात्र ते भ्यायलेले असत. वाचा आली की पहिला जाब आपल्यालाच विचारला जाणार, याची त्यांना खात्री होती. स्वतःच मागितलेली गोष्ट मिळू नये असंही कधीकधी मनात येई आणि मग दिवसभर त्यांना स्वतःची लाज वाटे.

एप्रिलमध्ये 'चाय' आलं. जूनमध्ये 'नहीं' आलं आणि सांभाळणाऱ्या बाईची पंचाईत झाली. ऑगस्टमधल्या एका दुपारी मधुसूदनराव कपबशी घेऊन पलंगाशी बसले होते. मिस साहबनी कप बाजूला सारला.

"सरोज," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ दम घेतला. "सरोज भी यही माँगती थी।"

मधुसूदनरावांनी कपबशी खाली ठेवली.

मग तासभर लागला, पण एकेक शब्द खेचत मिस साहबनी सगळं सांगितलं. मधुसूदनराव कामावर असत त्या दुपारी मिस साहब स्वतः सरोजजवळ बसायच्या. सरोज रोज त्यांचा हात धरून देवाला म्हणायची, मला ने. मिस साहबनी आमेन म्हटल्याशिवाय हात सोडायची नाही. आणि सरोजने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, की हे नवऱ्याला कधी सांगायचं नाही. ती म्हणायची, ते रोज संध्याकाळी पलंगाशी बसून माझ्या बरं होण्यासाठी मागतात, त्यांचं मन मोडेल. ते वचन आपण सात वर्षं पाळलं, मिस साहब म्हणाल्या. नारायण साहबांच्या गप्प राहण्यामागे हे असेल असं मनातसुद्धा आलं नाही. त्या दिवशी कळलं, तर जीभ वळेना.

"आमेन मैंने भी कहा था," त्या शेवटी म्हणाल्या. "आप अकेले नहीं थे।"

मधुसूदनराव रडले, पंचाहत्तरीच्या मिस साहबसमोर लहान पोरासारखे रडले. ओझं उतरलं म्हणावं तर तसं काही त्यांना वाटलं नाही. त्यांना आधी राग आला, आणि तो देवावर नव्हता, स्वतःवरही नव्हता. सात वर्षांत पहिल्यांदाच ते बायकोवर रागावले. चार महिने दोघं एकमेकांना बरं होईल म्हणत राहिले आणि पाठ वळल्यावर दोघांनी चोरून एकच गोष्ट मागितली. एकदा तरी बोलली असतीस, सरोज, म्हणजे हात धरून दोघांनी मिळून मागितलं असतं.